गुडघ्यांचं तेल

जबलपूर
११ ऑगस्ट २०२४

प्रिय मोठीआई,

प्रभूमध्ये सलाम.

माझी मराठी पाहून हसू नको. बाबा म्हणाले, "वहिनीले हिंदीत लिहिलं तर वाचन ती, पण तिले गोड नाही लागणार." म्हणून मराठीत लिहिते. आधी फोन करून पाहिला होता. तू "हॅलो, कोण?" म्हणत राहिलीस आणि मी "मयुरी, मयुरी" ओरडत राहिले. हॉस्टेलच्या जिन्यातल्या सगळ्या मुलींना माझं नाव पाठ झालं, तुला मात्र कळलं नाही. तुझ्या कानापेक्षा डाक बरी.

नर्सिंगचं तिसरं वर्ष सुरू झालं. आता माझी ड्यूटी म्हाताऱ्या पुरुषांच्या वॉर्डात आहे. दिवसभर माणसांच्या गर्दीत असते, पण खोलीवर आलं की एकटं वाटतं. मी रोज बायबल वाचायची चेष्टा करते. सकाळी चेष्टा करते, ड्यूटीवरून आल्यावर पण चेष्टा करते. आठ दिवस चालते, मग सुटते. बाबा सगळ्यांना सांगतात की मोठे बाबा गेले तरी वहिनीने एक दिवस वाचन सोडलं नाही. मला पण शिकव. मंडळीत वर्षाच्या वाचनाचा जो तक्ता वाटतात तो मी इथे कपाटाला चिकटवला आहे. एकच पाठ दोघी वाचू, तू मराठीत आणि मी हिंदीत, आणि त्याचं काय केलं ते एकमेकींना लिहू.

अजून एक विचारते, रागावू नको. बाबा म्हणतात, मोठे बाबा गेल्यापासून तू प्रभुभोजनाला बसत नाहीस. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला पुढे यायच्या आधीच चपला घालून निघून जातेस. असं काय झालं? बाबांची विचारायची हिंमत होत नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात घातलं.

तुझी
मयुरी


लालबर्रा
१९ ऑगस्ट २०२४

चि. मयुरीस, मोठीआईचा आशीर्वाद आणि सलाम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, पण मजकूर वाचून मी घरात दोन फेऱ्या मारल्या. खेमराज भाऊजींची पोरगी सकाळ-संध्याकाळ बायबलची चेष्टा करते आणि ते मला लिहूनही कळवते! चेष्टा करायला जगात दुसरं काही सापडलं नाही का? तुझ्या त्या वॉर्डात डॉक्टर आहेत, मेसमधली भाजी आहे, त्यांची कर. देवाच्या वचनाची करू नको. लहान आहेस म्हणून एवढंच लिहिते.

वाचायचं कसं ते विचारलंस. मला शाळा नव्हती हे तुला माहीत आहे. लग्न होऊन मराठी मुलखातून, तुमसरकडून, इकडे आले तेव्हा मी अंगठा करत होते. तुझे मोठे बाबा चर्चमध्ये गीतं म्हणायचे. ऐकून ऐकून ती मला पाठ झाली. बऱ्याच वर्षांनी एकदा मी गीतपुस्तक उघडून पाठ असलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणत गेले. कुठला शब्द कुठे संपतो हे आधी बोटाला कळलं, मग डोळ्याला. अजूनही बोट लावल्याशिवाय मला वाचता येत नाही. म्हणून माझं वाचन हळू आहे, आणि हळू असलं की एक फायदा होतो, एखादी ओळ बोटाला धरून ठेवते.

ती ओळ उचलायची, पदराच्या गाठीला बांधायची आणि दिवसभर तिला सोबत घेऊन काम करायचं. पान संपवलं म्हणजे वाचन झालं असं नाही. मागच्या आठवड्यात पाठात आलं की मऊ उत्तराने राग जातो. त्याच दिवशी शेजारच्या मंजूची बकरी माझा दोडक्याचा वेल खाऊन गेली. मी कुंपणापाशी गेले, तोंड उघडलं आणि ओळ आठवली. तोंड तर उघडून झालं होतं, काहीतरी बोलावं लागणार होतं. मग म्हटलं, "मंजू, बकरीले पाणी पाज वं. दोडक्यानं तहान लागते." संध्याकाळी तिने वाटीभर कढी आणून दिली. कढी खारट होती. तेही मी बोलले नाही. एका ओळीत एवढंच झालं, पण तो दिवस चांगला गेला.

प्रभुभोजनाचं विचारलंस. माझे गुडघे दुखतात. तिथे पुढे जाऊन गुडघे टेकावे लागतात. भाऊजींना तसं सांग.

तुझी
मोठीआई


जबलपूर
१ सप्टेंबर २०२४

प्रिय मोठीआई,

सलाम आणि दहा वेळा माफी. माझ्या शेजारच्या पलंगावर नागपूरची ज्योत्स्ना राहते. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं तर ती हसून पलंगावरून पडायची बाकी राहिली. हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश! मी वाचायचा प्रयत्न करते, असं लिहायचं होतं. मराठीत त्याचा अर्थ थट्टा होतो हे मला आता कळलं. आता सगळ्या खोलीत तेच चाललं आहे. मी अभ्यासाला बसले की ज्योत्स्ना म्हणते, "शांत राहा गं, मयुरी चेष्टा करते आहे."

पण तुझी पदराच्या गाठीची युक्ती चालली. माझ्या गणवेशाला पदर नाही, म्हणून ओळ मी तळहातावर पेनने लिहिते. वॉर्डात हात इतक्या वेळा धुवावे लागतात की दुपारपर्यंत ती पुसली जाते, पण तोवर पाठ होते. "थकलेल्यांनो माझ्याकडे या" ही ओळ हातावर होती त्या दिवशी महागू आजोबा भरती झाले. परसवाड्याकडचे आहेत. फुफ्फुस गेलेलं, सोबत कोणी नाही. दर दहा मिनिटांनी हाक मारतात. मी चिडून गेले, "आता काय हवं आजोबा?" तर म्हणाले, "काही नको बाई. तू हाय का गेली, तेवढं पाहत होतो." मी हाताकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसले.

तुझ्या गुडघ्यांसाठी तेल पाठवते आहे. आमच्या फिजिओच्या मॅडमला विचारून घेतलं आहे. रात्री लाव. पण मोठीआई, बाबा म्हणतात की तू आताही डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालतेस. मग फक्त पहिल्या रविवारीच गुडघे दुखतात का?

तुझी
मयुरी


लालबर्रा
१५ सप्टेंबर २०२४

चि. मयुरीस आशीर्वाद.

तेल मिळालं. वास चांगला आहे. तू शेवटी जे विचारलंस ते वाचून मी पत्र घडी करून दोन दिवस पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं. आता खरं सांगते. गुडघे ठीक आहेत. तेल मी केसांना लावते.

तुझे मोठे बाबा राइस मिलमध्ये धानाच्या बोऱ्यांवर बसल्या बसल्या गेले. जेवणाचा डबा बाजूला तसाच होता. मी पोचले तेव्हा वरण अजून कोमट होतं. मिलवाले म्हणाले, "वसंताभाऊ आत्ताच तर बोलून राह्यले होते." पुढचं सगळं तुला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी मंडळीतल्या रुख्माबाई खिचडी घेऊन आल्या. माझ्याजवळ बसल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आनंदी, देव ज्याच्यावर प्रेम करते त्यालेच शिक्षा देते. पुस्तकात लिहून आहे." त्या गेल्यावर मी पुस्तक काढलं. खरंच लिहिलेलं आहे.

तेव्हापासून मी रोज वाचते. लोकांना वाटतं, आनंदीबाईंचा विश्वास मोठा. तसं नाही गं. मी शोधते. ही देवाची शिक्षा आहे एवढं मला कळलं, पण कशाची, ते मला कुठेच सापडत नाही. आरंभापासून शेवटापर्यंत पुस्तक एकदा वाचून झालं, आता दुसऱ्यांदा चाललं आहे. सकाळी अंगण झाडून झालं की चहा घेऊन बसते आणि बोट लावून शोधते. ते कळल्याशिवाय मी त्या ताटापुढे कशी बसू? म्हणून उठून जाते. कळलं की बसेन.

हे आजवर कोणाला सांगितलं नाही. तूही बाबांना सांगू नको.

तुझी
मोठीआई


जबलपूर
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय मोठीआई,

तुझं पत्र वाचून मला रडायला आलं. किती सुंदर लिहिलंस! रोज शोधतेस, दोन वर्षं! इतका धीर माझ्यात कधी येईल? तुझं वाचून मला माझं पण सांगावं वाटलं. देव मला सुद्धा शिक्षा देत आहे.

महागू आजोबा गेले. त्या दिवशी सकाळीच माझ्याशी बोलले होते. मी दुसऱ्या मरीजकडे होते, परत आले तर ते गेलेले होते. मी बाथरूममध्ये जाऊन खूप रडले. मग मॅट्रन आल्या, म्हणाल्या, तोंड धू, त्या पलंगाची चादर तूच बदल. बदलली. तेव्हा मला कळलं की देवाने मला या वॉर्डात शिक्षेसाठीच आणलं आहे. आधी मी पळत होते, दुसरा वॉर्ड मागत होते. आता मागत नाही. शिक्षा कडक आहे, पण मी ती आनंदाने घेत आहे. मला तिची गरज होती.

मोठीआई, तुझी शिक्षा माझ्यापेक्षा मोठी आहे, कारण तू मोठी आहेस ना. देव पाहूनच देत असेल, ज्याची जेवढी ताकद.

आणि नाताळला मी येणार नाही. सुट्टी मिळत होती, मीच घेतली नाही. आता मनाशी ठरवलं आहे, शिक्षा पूर्ण झाल्यावरच घरी येईन. बाबांना हे अजून सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटेल. तू पण सांगू नको.

तुझी
मयुरी


लालबर्रा
१३ ऑक्टोबर २०२४

मयुरी,

हे पत्र मी डाकेत टाकणार नाही. तुझे बाबा उद्याच्या गाडीने जबलपूरला येत आहेत, त्यांच्या हाती देते. तू सांगू नको म्हणालीस. मी सांगितलं. घराला आग लागली असताना कोणी शेजाऱ्याची झोप मोडेल म्हणून गप्प बसत नाही.

पोरी, हे काय खूळ डोक्यात घेतलंस? तुझं पत्र काल आलं. काल दिवसभर मी चूल पेटवली नाही. तू कसली शिक्षा भोगतेस? काय केलंस तू? एक म्हातारा माणूस होता, त्याची फुफ्फुसं गेली होती, तो गेला. तू त्याच्याजवळ स्टूल ओढून बसली होतीस. त्याच्या मरणात तुझा काय गुन्हा? आणि वर लिहितेस की आनंदाने घेते, तिची गरज होती, पूर्ण झाल्याशिवाय घरी येणार नाही! आपलं घर काय तुरुंगातून सुटल्यावर यायची जागा आहे?

आज सकाळी मी चहा न घेता पुस्तक घेऊन बसले. तुला काय लिहावं ते शोधत होते. योहानात ती जन्मापासून आंधळ्या माणसाची गोष्ट आहे बघ. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? लोक तेव्हाही हेच विचारत होते. आणि येशू म्हणतो, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. मग तो गुन्हा शोधत बसत नाही. खाली वाकतो, मातीचा चिखल करतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो.

ही गोष्ट मी कितीदा वाचली आहे. चैतात तक्त्यावरही आली होती. पण तेव्हा माझं बोट तिथे थांबलंच नाही.

आता नीट ऐक. जो देव चिमणीचा हिशेब ठेवतो, तो तुला धडा द्यावा म्हणून परसवाड्याच्या एका गरीब म्हाताऱ्याचा जीव घेईल का? तो म्हातारा काय देवाची छडी होता? तोही त्याचंच लेकरू होता. बाप एका लेकराला वळण लावायला दुसऱ्या लेकराला मारून टाकत नाही. असं करणाऱ्या बापाला आपण गावात उभं करणार नाही आणि देवाला मात्र हे लावतो. तो आजोबा गेला कारण माणसं जातात. तुला दुःख झालं कारण तुझा जीव त्याच्यात गुंतला होता. दुःख हे दुःख असतं बाई, ते कसल्या गुन्ह्याचा निकाल नसतं. रडायचं तेवढं रड, पण मान खाली घालून रडू नको.

बाबांसोबत घरी ये. चार दिवस राहा. तुझ्यासाठी पोहे कांडून ठेवले आहेत, थोडे बाबांजवळ देते.

तुझी
मोठीआई


जबलपूर
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय, प्रिय मोठीआई,

मी ठीक आहे. आधी हे वाच आणि पाणी पी. मी काही केलेलं नाही, मला कोणी काढलेलं नाही, मी कसला गुन्हा भोगत नाही. आता पुढचं सांगते.

परवा दुपारी मॅट्रनने बोलावलं, "तेरे पिताजी आए हैं, गेट पर बहुत घबराए हुए हैं." मी धावत गेले. बाबा एका हातात पोह्यांची पिशवी आणि एका हातात तुझं पत्र घेऊन उभे. मला पाहिल्याबरोबर म्हणाले,

"काय केलं तू? खरं सांग. कोणाले चुकीची सुई टोचली?"

"बाबा, काय झालं?"

"पोलीस आलते का?"

"काहून येतील पोलीस?"

"मंग कोणती शिक्षा भोगून राह्यली तू इथं?"

"नर्सिंगची."

"नर्सिंगची शिक्षा?"

"हौ बाबा. तुम्हीच तर पाठवलं मले शिक्षेले!"

मोठीआई, बाबांनी डोक्याला हात लावला आणि चौकीदाराच्या स्टुलावर खाली बसले. इतके हसले की चौकीदार पाणी घेऊन आला. "अवं, वहिनीनं मराठीत वाचलं," म्हणाले. "तू हिंदीतली शिक्षा लिहिली. शिकणं. तिनं मराठीतली वाचली. सजा. दोन दिवस झाले तिनं अन्न नाही शिवलं, मले गाडीत बसवून दिलं."

मी पण हसत होते. मग बाबा एकदम थांबले आणि म्हणाले, "मंग वहिनीची शिक्षा कोणती? मी निघालो तेव्हा म्हणत होती, माह्यासारखी शिक्षा पोरीले नको."

मोठीआई, मला माफ कर. मी वर जाऊन तुझं सप्टेंबरचं पत्र आणलं आणि आम्ही दोघांनी ते गेटपाशी उभं राहून पुन्हा वाचलं. मी तेव्हा काय वाचलं होतं माहीत आहे? मला वाटलं, देवाने तुला काहीतरी शिकवायला घेतलं आहे आणि धडा कोणता ते तू रोज शोधतेस. मी त्याला सुंदर म्हटलं! तुझी शिक्षा माझ्यापेक्षा मोठी, असं पण लिहिलं! आता ते आठवलं की जमिनीत जावं वाटतं. बाबांनी एकेक ओळ वाचून त्याचा अर्थ सांगितला. सांगता सांगता रडायला लागले. मी बाबांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "दोन वर्षं आमच्या बाजूच्या रांगेत बसून ही बाई स्वतःवर खटला चालवून राह्यली अन् आम्ही म्हणतो, गुडघे दुखतात."

रात्रीची ड्यूटी नसल्यामुळे मी बसून हिंदी बायबलमध्ये ती रुख्माबाईंची ओळ काढली. मला वाटत होतं, तिथे शिक्षाच असेल, म्हणजे शिकवणं, आणि सगळं सुटेल. तुला खोटं सांगणार नाही, तिथे "ताडना" आहे. तो मऊ शब्द नाही. पण तू तिथेच थांबलीस, मोठीआई. पुढे वाच. तिथे बाप आणि लेकरू आहे. चोर आणि पोलीस नाहीत.

यासोबत तुझ्याच पत्राचं एक पान परत पाठवते, आंधळ्या माणसाच्या गोष्टीपासून खालचं. ते फार चांगलं लिहिलं आहेस, पण ते माझं नाही. पत्र बरोबर होतं, पत्ता चुकला होता.

नाताळला येते. सुट्टी मागून घेतली.

तुझी
मयुरी


लालबर्रा
२ डिसेंबर २०२४

चि. मयुरीस खूप खूप आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. धानाची कापणी होती, हे अर्धं कारण. दुसरं अर्धं कारण असं की तू पान परत पाठवलंस याचा मला राग आला होता. वाटलं, काल जन्मलेली पोरगी मला माझंच लिहिलेलं वाचायला लावते. पान पिठाच्या डब्यावर ठेवलं. मग एका सकाळी तक्त्यावरचा पाठ झाल्यावर ते उचललं आणि बोट लावून वाचलं. लिहिताना मी बोट लावलं नव्हतं ना, भराभर लिहीत गेले होते. वाचताना "तो आजोबा गेला कारण माणसं जातात" इथे आले आणि बोट थांबलं. आजोबा या शब्दाच्या जागी मी तुझ्या मोठ्या बाबांचं नाव घेऊन पाहिलं. मोठ्याने. नावासकट ते वाक्य तसंच खरं राहिलं. मग मी खूप रडले, पण मान खाली घातली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बसायचं ठरवलं होतं. जमलं नाही. पण बाहेरही गेले नाही. चपला पायात घालून दारात उभी राहिले आणि आत पाहत होते. पाळकसाहेबांनी पाहिलं. आठवड्याने घरी आले. मी त्यांना सरळ विचारलं, त्या ओळीतली शिक्षा म्हणजे काय? ते म्हणाले, मूळ भाषेतला शब्द लेकरू वाढवण्याचा आहे, त्यात शिकवणं आलं, वळण लावणं आलं, रागावणंही आलं. मी विचारलं, "अन् नवरा नेणं? ते येते का त्याच्यात?" ते म्हणाले, "काकू, वसंताभाऊ का गेले ते मला माहीत नाही. पण तुम्हाला सजा म्हणून गेले, असं सांगायचा हक्क मला या पुस्तकाने दिलेला नाही. कोणालाच दिलेला नाही." त्यांना माहीत नाही असं म्हणाले, ते मला बरं वाटलं.

आता एक गंमत सांगते, त्यासाठीच हे पत्र. आपल्या घरासमोर शाळा आहे. तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, सर्व शिक्षा अभियान. आता रंग उडाला आहे, पण दिसतं. मी नुकती वाचायला शिकले तेव्हा बोट न लावता दुरून वाचलेले ते माझे पहिले शब्द. मी घाबरले. तुझे मोठे बाबा अंगणात दाढी करत होते. मी म्हटलं, "अहो, हे काय जी? सरकार सगळ्यांले शिक्षा करून राह्यलं?" तर ते असे हसले, असे हसले की फेसाचा ब्रश खाली पडला. म्हणाले, "हौ, अन् सगळ्यात जास्त मास्तराले." मग डोळे पुसून मला समजावलं, "इकडं शिक्षा म्हणजे शिकणं असते, आनंदी. तू तुमसरची, तुले मारच आठवते."

मयुरी, ही गोष्ट मी पार विसरले होते. रोज दार उघडलं की ती भिंत समोर असते, तरी विसरले होते. दोन वर्षं त्यांचं मरणच आठवत होतं, हसणं आठवत नव्हतं. त्या दिवशी पाळकसाहेबांना सोडायला दारात आले, समोर भिंत दिसली आणि तो ब्रश पडल्याचा आवाज कानात आला. माझ्या या कानात! मी एकटीच हसायला लागले. मंजू कुंपणावरून म्हणाली, "काय झालं वं काकू?" म्हटलं, "काही नाही. तुझ्या काकांनी चेष्टा केली."

काल डिसेंबरचा पहिला रविवार होता. चपला दाराबाहेर काढल्या त्या तिथेच राहिल्या. बसायच्या जागांवर नावं नसतात तिथे, पण माझी जागा सगळ्यांना माहीत आहे. मी उठले तशी भाऊजींनी मान वळवली, त्यांना वाटलं चालली. मी पुढे चालत गेले. रुख्माबाई आधीच तिथे होत्या. त्यांना मी काही विचारलं नाही, विचारणारही नाही. त्यांना ते वाक्य आठवणार नाही, आणि खिचडी तर त्यांनीच आणली होती. त्यांनी मला पाहिलं, सरकून जागा केली आणि कोपर धरून कानाशी म्हणाल्या, "गुडघे दुखतात ना वं तुझे? उभ्यानं घे, देव रागवत नाही."

मी म्हटलं, "नाही जी. टेकवतो."

टेकवले. भाकर हातावर आली. तुझे मोठे बाबा नेहमी माझ्या उजव्या बाजूला असायचे. उजवी बाजू रिकामी होती. ती तशीच राहणार आहे, ते मी आता धरून चालते. प्याला पुढे आला, मी घेतला.

पण दोन वर्षांत गुडघ्यांची सवय गेली होती. उठताना रुख्माबाईंना मला ओढावं लागलं, आणि आज सकाळी अंगण झाडल्यापासून दोन्ही गुडघे असे ठणकत आहेत की खाटेवर बसून लिहिते आहे. तुझ्या तेलाची बाटली तर मी केसांना लावून संपवली. नाताळला येशील तेव्हा दुसरी घेऊन ये. आता खरंच दुखतात.

तुझी
मोठीआई